गेटवरच्या वहीतल्या सतरा सह्या

हे प्रकरण पाचवीच्या एका वर्गाचं आहे. पट ३८, वर्गशिक्षिका मी. शाळेचं, मुलांचं, पालकांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. यात जे चुकलं त्यातलं बरंचसं माझ्या हातून चुकलं, म्हणून ते मीच लिहिणं योग्य आहे.

सुरुवात एका निरोपापासून झाली. विज्ञान प्रदर्शन चार दिवसांवर आलं होतं. मागचा पडदा रंगवायचा राहिला होता, तक्ते चिकटवायचे होते. मी वर्गाच्या ग्रुपवर लिहिलं, "उद्या सकाळी ११ वाजता किमान पाच पालक हवेत. ज्या आया घरी असतात त्यांनी कृपया यावं." पाठवताना त्यात काही वावगं आहे असं माझ्या मनातही आलं नाही. असे निरोप मी वर्षानुवर्षं पाठवत आले होते.

तासाभराने एका आईने लिहिलं, "दर वेळी त्याच त्याच पाच जणी येतात. प्रदर्शनात मुलं मात्र सगळ्यांची असतात." नोकरी करणाऱ्या एकीने उत्तर दिलं, "आम्हाला रजा मिळत नाही. सामानाचे पैसे आम्ही जास्त देऊ." त्यावर लगेच आलं, "म्हणजे आम्ही मजूर का?" मग तासभर शब्दाला शब्द वाढत गेला. कोणी घरी बसून काय करतं, कोणी मुलं पाळणाघरात टाकून कशाला जातं, असं बरंच काही लिहिलं गेलं. रात्री ११ वाजून ४२ मिनिटांनी शेवटचा निरोप आला तो थेट मला होता. "मॅडम, माझ्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात तुम्ही 'पालकांचे लक्ष कमी' असं लिहिलंय. ते कशावरून लिहिलं, तेवढं सांगा."

मी फोन उशीजवळ ठेवून बराच वेळ जागी होते. कशावरून लिहिलं होतं? ती बाई शाळेत दिसत नव्हती, एवढ्यावरून. दुसरं काहीही माझ्याकडे नव्हतं.

वहीत काय होतं

शाळेच्या गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची एक वही असते. नाव, कोणाला भेटायचं, कारण, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही. दुसऱ्या दिवशी मी ती वही मागून घेतली आणि सहा महिन्यांची पानं पेन्सिल घेऊन चाळली. माझ्या वर्गाच्या पालकांच्या एकूण ११२ नोंदी होत्या. त्यातल्या ६१ फक्त पाच जणींच्या. 'मुलाविषयी बोलणे' या कारणाच्या सगळ्या मिळून नऊ. बाकीची कारणं अशी होती: सजावट, पुस्तकांना कव्हरं घालणे, सहलीत सोबत, कपाट आवरणे, स्पर्धेच्या मुलांना नेणे, पुन्हा सजावट.

सगळ्यांत जास्त सह्या ज्या आईच्या, तिच्या सतरा होत्या. मी तिला 'हक्काची' म्हणायचे. फोन केला की अर्ध्या तासात हजर. घरी असते, लांब राहत नाही, हातात कला आहे. तिच्या सतरा नोंदींपैकी मुलीविषयी बोलण्याची नोंद एकच होती, पहिल्या पालकसभेच्या दिवशीची. आल्याची वेळ आणि गेल्याची वेळ यांच्यात फार अंतर नव्हतं. रांग होती त्या दिवशी.

आणि तिच्या मुलीबद्दल मला सांगण्यासारखं होतं. गेले दोन महिने ती गणितात मागे पडत होती. अपूर्णांक सुरू झाल्यापासून वही शेजारणीच्या वहीसारखी यायला लागली होती, चुकांसकट. मी ते पाहिलं होतं, 'सांगायला हवं' अशी मनात नोंदही केली होती. पण ती बाई भेटायची तेव्हा तिच्या हातात कात्री असायची, भोवती चार जणी असायच्या, आणि मी घाईत असायचे. चार जणींदेखत मुलीचं गणित काढणं बरं दिसत नाही म्हणून मी 'नंतर' म्हणायचे. ती सतरा वेळा शाळेत आली आणि तिला आपल्या मुलीबद्दल काहीही कळलं नाही, कारण त्यातल्या सोळा वेळा आम्ही तिला भांडारखोलीत बसवलं होतं.

रात्री ११.४२ ला प्रश्न विचारणारीची वहीत एकही सही नव्हती.

दोघींचं नुकसान सारखंच झालं होतं, हे माझ्या डोक्यात त्या दुपारी प्रथमच आलं. एकीला आम्ही कामाला जुंपलं, दुसरीला गैरहजर ठरवलं. मुलाबद्दल बोलणं दोघींशीही राहून गेलं. आणि भांडल्या मात्र त्या एकमेकींशी.

सहभाग म्हणजे काय, हे ठरवतं कोण

सहा महिन्यांत पालकांसाठी आम्ही ठेवलेले सगळे कार्यक्रम सोमवार ते शुक्रवार, सकाळी ११ किंवा दुपारी ३ वाजता होते. त्या वेळा शाळेच्या सोयीच्या होत्या. अशा वेळा ठरवून मग 'कोण आलं' हे मोजलं, तर मोजमाप पालकांच्या जिव्हाळ्याचं होत नाही, त्यांच्या मालकाच्या रजेच्या नियमांचं होतं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात तर कायदाच आहे. २५ किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पालकाला मुलाच्या शाळेच्या कामांसाठी वर्षाला ४० तासांपर्यंत वेळ मागता येतो. असा कायदा करावा लागतो, याचाच अर्थ इच्छा असून वेळ न मिळणं ही पालकांच्या स्वभावाची गोष्ट नाही.

यामागे जुनी सवय आहे. अमेरिकेत पालक आणि शिक्षकांची जी मोठी राष्ट्रीय संघटना आज आहे, तिची सुरुवात १७ फेब्रुवारी १८९७ रोजी वॉशिंग्टनमध्ये झाली. अॅलिस मॅक्लेलन बर्नी आणि फीबी हर्स्ट या दोघींनी बोलावलेल्या त्या सभेला दोन हजारांवर माणसं जमली. नाव होतं 'मातांची राष्ट्रीय परिषद'. नावातून 'माता' हा शब्द जायला १९२४ साल उजाडलं. आमच्या वर्गाच्या ग्रुपचं नाव अजून 'पाचवी ब मम्मीज' होतं. वर्गात एक बाबा असे होते की आई कामावर जाते आणि घर, मुलं ते सांभाळतात. ते त्या ग्रुपमध्ये नव्हते. त्यांना कोणी घेतलंच नव्हतं. निरोप त्यांच्या पत्नीच्या फोनवर जात, ती दिवसभर कामात, आणि घरी असलेल्या माणसाला उद्या चार्टपेपर लागणार हे रात्री कळे.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या जॉइस एपस्टीन यांनी पालकांच्या सहभागाचे सहा प्रकार सांगितले आहेत: घरी मुलाला वाढवणं, शाळा आणि घर यांच्यातला संवाद, स्वयंसेवा, घरचा अभ्यास, निर्णयांत वाटा, आणि परिसराशी जोडणी. ही यादी शिक्षणशास्त्राच्या अभ्यासात मी परीक्षेसाठी पाठ केली होती. वही समोर ठेवून पुन्हा पाहिली तेव्हा दिसलं की आम्ही सहापैकी एकच प्रकार धरून बसलो होतो, स्वयंसेवेचा, आणि तोही अगदी उथळ. १९९५ च्या त्यांच्या लेखात तर स्वयंसेवकाची व्याख्याच बदलून दिली आहे. शाळेच्या वेळेत शाळेच्या इमारतीत येणाराच स्वयंसेवक नव्हे. मुलांच्या शिकण्याला कुठेही, कधीही, कसाही हातभार लावणारा प्रत्येक जण स्वयंसेवक. ही व्याख्या लावली असती तर माझ्या वहीत शून्य सह्या असलेली आई कुठे बसली असती, हे पुढे येईलच.

तीन प्रश्न

मुख्याध्यापिकांनी सुचवलं की सगळ्यांना बोलावून समेट घडवू. मला ते पटलं नाही. पुन्हा सभा, पुन्हा ११ वाजता, पुन्हा त्याच पाच जणी. त्याऐवजी मी ३८ घरी एक कागद पाठवला, दप्तरातून, बंद पाकिटात. त्यावर तीनच प्रश्न होते.

तुमच्या मुलाबद्दल शाळेला माहीत नाही असं काय आहे?
तुमच्याशी निवांत बोलायचं तर कधी आणि कसं बोलावं?
शाळेसाठी काय करायला तुम्हाला आवडेल, आणि काय अजिबात नको?

चार दिवसांत ३१ कागद परत आले. शाळेत कधी न आलेल्या घरांमधूनही आले. व्हँडरबिल्ट विद्यापीठात कॅथलीन हूव्हर-डेम्प्सी आणि हॉवर्ड सँडलर यांनी पालक शाळेत लक्ष का घालतात याचा विचार मांडला आहे. त्यांच्या मते तीन गोष्टी महत्त्वाच्या: हे आपलं काम आहे असं वाटणं, आपल्याला जमेल असं वाटणं, आणि कोणीतरी आपल्याला बोलावलंय असं वाटणं. तिसरी गोष्ट बरीचशी शाळेच्या हातात असते. आम्ही इतकी वर्षं बोलावत होतो ते हातांना. माणसाला बोलावलं नव्हतं.

११.४२ वाल्या आईचा कागद मी दोनदा वाचला. ती एका कार्यालयात हिशेबाचं काम करते, संध्याकाळी उशिरा सुटते, घरी पोचायला तासाहून जास्त लागतो. पहिल्या प्रश्नाखाली तिने लिहिलं होतं, "तो रोज संध्याकाळी मी बसमध्ये असताना फोन करून मला मराठीचा धडा वाचून दाखवतो. बसच्या आवाजात मला नीट ऐकू येत नाही, म्हणून तो मोठ्याने वाचतो. दुसरीत असल्यापासून आमचं हे चालू आहे."

मी त्या मुलाला वर्गात किमान दहा वेळा सांगितलं असेल, "अरे, ओरडून वाचू नकोस, आम्ही बहिरे नाही." तो लगेच आवाज खाली आणायचा आणि मग अडखळायला लागायचा. मला वाटायचं, वाचन कच्चं आहे म्हणून आवाजाने झाकतो. त्याचं वाचन कच्चं नव्हतं. त्याच्यासाठी वाचणं म्हणजे बसच्या गोंगाटापलीकडे असलेल्या आईपर्यंत पोचणं होतं. तीन वर्षं, शाळा असेल त्या प्रत्येक संध्याकाळी, हिशेबाच्या कामातून सुटलेली बाई कानाला फोन लावून मुलाचा धडा ऐकत होती, आणि तिच्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात मी लिहून मोकळी झाले होते, पालकांचे लक्ष कमी.

तो शेरा मी खोडला. नुसता खोडून भागणार नव्हतं, म्हणून फोन केला. ती म्हणाली, "मॅडम, मला राग शेऱ्याचा नव्हता. त्याने तो वाचला, त्याचा होता."

घरी असणाऱ्या त्या 'हक्काच्या' आईचा कागद छोटा होता. तिसऱ्या प्रश्नाखाली एकच वाक्य: "सजावट आता नको. एक तास वर्गात मागे बसून माझी मुलगी कशी बसते ते बघायचं आहे."

मागच्या बाकावरचा एक तास

अशी परवानगी देण्याची आमच्याकडे पद्धत नव्हती. इतर पालकही मागतील, मुलांचं लक्ष उडेल, शिक्षकांवर पाळत ठेवल्यासारखं होईल, अशा शंका स्टाफरूममध्ये निघाल्या. शेवटची शंका माझ्याही मनात होती, खोटं कशाला बोलू. पण सोळा वेळा सांगेल ते काम केलेल्या बाईला एक तास नाकारण्याला माझ्याकडे तोंड नव्हतं.

ती गणिताच्या तासाला येऊन शेवटच्या बाकावर बसली. मी फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज दिली. तास संपल्यावर आम्ही दोघी रिकाम्या वर्गात थांबलो, आणि तिने मला जे सांगितलं ते मला दोन महिन्यांत दिसलं नव्हतं.

"मॅडम, ती आधी स्वतः उत्तर लिहिते. मग शेजारणीचं बघते. वेगळं असलं की स्वतःचं खोडते आणि तिचं लिहिते. आज दोनदा हिचं बरोबर होतं."

मी वही मागवून उजेडात धरली. खोडरबराखालून पेन्सिलीचा दाब दिसत होता. तीन चतुर्थांश आणि एक अष्टमांश यांच्या बेरजेखाली आधी सात अष्टमांश लिहिलेलं होतं, ते खोडून वर चार द्वादशांश. मी त्या पानावर लाल फुली मारली होती. मुलीला अपूर्णांक येत होते, तिला स्वतःचा भरवसा नव्हता. आणि मी तिला अपूर्णांकांचे जास्तीचे गृहपाठ देत सुटले होते.

तिने आणखी एक सांगितलं, जरा थांबून. "दाराबाहेर कोणीही गेलं की ती वळून बघते. मी कधीही शाळेत असते ना. तिला वाटतं मीच असेन." आईच्या सतरा सह्यांचा हिशेब मुलीने वर्गात बसून असा चुकवला होता. आई इमारतीत आहे आणि आपल्याकडे मात्र येत नाही, हे दहा वर्षांच्या मुलीला कसं वाटत असेल, याचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नव्हता.

इथे एका संशोधनाचा उल्लेख करते, कारण तो माझ्या कामी आला. नॅन्सी हिल आणि डायना टायसन यांनी २००९ मध्ये माध्यमिक टप्प्याच्या सुरुवातीच्या वयाच्या मुलांवरचे ५० अभ्यास एकत्र करून पाहिले. मुलांच्या शाळेतल्या यशाशी सर्वांत घट्ट नातं सापडलं ते घरातल्या एका प्रकारच्या बोलण्याचं: शिकणं कशासाठी, पुढे काय करायचंय, अभ्यासाची आखणी कशी करायची, आत्ता शिकतोयस त्याचा पुढे कुठे उपयोग होईल. पालक शाळेत येण्याचाही संबंध दिसला, पण त्याहून कमी. आणि शेजारी बसून गृहपाठ करवून घेण्याने मात्र हमखास फायदा दिसला नाही. आमची मुलं त्या वयाच्या उंबरठ्यावर होती. नोकरी करणाऱ्या कितीतरी आयांचा सगळ्यात मोठा सल असतो 'मी गृहपाठ घेत नाही'. त्यांना मी आता हे आवर्जून सांगते.

जे फसलं

सगळं एका झटक्यात सुधारलं असं वाटायला नको, म्हणून फसलेल्या गोष्टी लिहिते.

पहिला उपाय मला फार सोपा वाटला होता. पालकसभा संध्याकाळी ७ वाजता ठेवायची, म्हणजे नोकरीवाले येतील. आले सहा जण. नोकरी करणाऱ्यांना सातला पोचणं जमलं नाही. आणि घरी असणाऱ्यांची तर ती दिवसातली सगळ्यात अडकलेली वेळ: धाकट्याचं झोपणं, थोरल्याचा अभ्यास, घरातल्या म्हाताऱ्या माणसांची औषधं. 'घरी असते म्हणजे मोकळी असते' या समजुतीचं खोटेपण मला त्या संध्याकाळी रिकाम्या खुर्च्यांनी दाखवलं. घड्याळाचा काटा इकडून तिकडे सरकवला की एक गट सुटतो आणि दुसरा अडकतो. सगळ्यांना सोयीची अशी वेळ नाहीच.

मग सभा ठेवली ती वर्षाच्या दोनच, आणि बोलणं फोनवर नेलं. प्रत्येक घराने कागदावर दिलेल्या वेळेला, पंधरा मिनिटं, फक्त मुलाबद्दल. ३८ घरं व्हायला सात आठवडे लागले. हा वेळ माझ्या घरातून जात होता. मीही नोकरी करणारी आईच आहे. माझ्या मुलाच्या शाळेतली पालकसभा मी त्या वर्षी एकदाही गाठू शकले नव्हते, कारण ती माझ्या तासांच्या वेळी असते. मुख्याध्यापिकांनी आठवड्यातून एका दिवशी पहिला तास दुसऱ्या शिक्षिकेला दिला, तेव्हा हे टिकलं. शिक्षकाच्या पदरचा वेळ धरून आखलेली योजना दोन महिन्यांत मरते. असं करू पाहणाऱ्या शाळांनी आधी या तासाची सोय करावी, मग फोन सुरू करावेत.

दुसरा उपाय, दर आठवड्याला प्रत्येक घरी एक ओळ. ही कल्पना मॅथ्यू क्राफ्ट आणि टॉड रॉजर्स यांच्या २०१५ च्या प्रयोगातली. अमेरिकेतल्या एका शहरात, नापास झालेल्या मोठ्या मुलांच्या उन्हाळी वर्गात, शिक्षकांनी पालकांना आठवड्याला एक वाक्य पाठवलं. विषय न सुटणाऱ्या मुलांचं प्रमाण १५.८ टक्क्यांवरून ९.३ टक्क्यांवर आलं. एक ओळ लिहायला दोन मिनिटं; रोज आठ मुलं धरली की आठवड्यात वर्ग पुरा होतो.

पण तिसऱ्याच आठवड्यात माझ्या एका ओळीने घात केला. मी लिहिलं होतं, "गृहपाठ दोन दिवस अपूर्ण." दुसऱ्या दिवशी ती मुलगी वर्गात मान वर करेना. घरी खूप बोलणी बसली होती. माझी ओळ खरी होती, पण ती ओळ वाचून पालकाने करायचं काय, हे तिच्यात नव्हतं. मग ओरडण्याशिवाय त्यांच्या हाती काय उरतं? तेव्हापासून मी ओळ लिहून झाल्यावर स्वतःला विचारते, हे वाचून आज रात्री त्या घरात काय घडेल? "गृहपाठ अपूर्ण" ऐवजी "आज तिला विचारा, भूगोलाच्या नकाशात कुठे अडलं, उत्तर नाही आलं तरी चालेल, उद्या मी बघते." ओळ लांब झाली. पण निदान त्या घरी पुन्हा बोलणी बसली नाहीत.

तिसरी गोष्ट अजून सुटलेली नाही. एका मुलाचे बाबा रात्रपाळी करतात. सकाळी येऊन झोपतात, मुलगा शाळेतून येतो तेव्हा उठलेले असतात, दोन तास एकत्र असतात, मग ते निघतात. आई सोबत नाही. या बाबांना कुठल्या रकान्यात घालणार, नोकरीवाले की घरी असणारे? फोन ते उचलत नाहीत. मी एकदा गेटवर गाठलं तर अतिशय आदराने म्हणाले, "शिकवणं तुमचं काम, मॅडम. त्यात मी काय बोलणार?" अॅनेट लारो या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या दोन शाळा जवळून पाहून हेच टिपलं होतं: कष्टकरी घरातले पालक शिक्षण हे शिक्षकाचं क्षेत्र मानून विश्वासाने अंतर ठेवतात, आणि शाळा त्या अंतराला अनास्था समजते. मी निदान आता तसं समजत नाही. पण त्यांच्या मुलाबद्दल त्यांच्याशी बोलण्याची वाट मला सापडलेली नाही. दर शुक्रवारी त्याच्या वहीत एक चिठ्ठी ठेवते. ती कधी सही होऊन येते, कधी तशीच येते.

प्रदर्शनाचं काय झालं

त्या वेळचा पडदा अर्धाच रंगला. पुढच्या प्रदर्शनाच्या वेळी मी आधी कामांची यादी केली आणि प्रत्येक कामापुढे विचारलं, हे पालकांनीच का करायचं? निम्म्याहून जास्त कामांना उत्तर नव्हतं. पडदा मुलांनी रंगवला. वाकडा झाला, एका कोपऱ्यात निळा रंग संपला म्हणून आभाळ हिरवं आहे. प्रदर्शनाचा तक्ता मुलांचा आहे म्हणायचं आणि अक्षर आयांचं असायचं, हे आधी कोणालाच खटकलं नव्हतं.

उरलेल्या कामांचे छोटे तुकडे केले, घरून करता येतील असे: दहा प्रश्नांची चिठ्ठी तपासून द्या, एका गटाचं बोलणं फोनवर ऐकून घ्या, आपल्या कामातलं एखादं मोजमापाचं साधन दाखवायला पाठवा. हिशेबाचं काम करणाऱ्या आईने बसमधूनच दोन गटांची तयारी ऐकली. घर सांभाळणाऱ्या बाबांनी सामान आणण्याचं काम मागून घेतलं, कारण ते दिवसा बाहेर पडू शकत होते. ग्रुपचं नाव आता नुसतं 'पाचवी ब' आहे.

गृहपाठही थोडा बदलला. एपस्टीन यांच्याच गटाने असा गृहपाठ तयार केला आहे, ज्यात मूल घरच्या माणसाला काहीतरी समजावून सांगतं. घरच्याने शिकवायचं नसतं, ऐकायचं असतं. मी पंधरा दिवसांतून एकदा तसा देते. ऐकणारं कोणीही चालतं: आजी, मोठा भाऊ, बसमधली आई.

'हक्काच्या' आईला मी त्या प्रदर्शनाच्या वेळी फोन केला नाही. तिनेच केला. म्हणाली, पडद्याला मदत हवी असेल तर येईन, पण शनिवारी, शाळेला सुट्टी असताना. मुलगी वर्गात बसलेली असताना नको.

गेटवरच्या वहीत कारणाच्या रकान्याखाली मी आता दोन वेगळ्या ओळी आखून घेतल्या आहेत, 'शाळेचं काम' आणि 'मुलाविषयी'. गेल्या आठवड्यात चाळली तेव्हा पहिल्या ओळीत अजूनही नोंदी जास्त होत्या.